ऑफिसला विचारून सांगते

परकारचाचा कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचतात. औषधाच्या डबीतली घडी, विजेचं बिल, सोसायटीची नोटीस, काहीही. आमच्या शेजारच्या देसायांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तेव्हा चाचांनी दारातच उभं राहून आधी तळाचं 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' हे वाचलं. मग कार्यालयाचा पत्ता, मग जेवणाची वेळ, आणि सगळ्यात शेवटी वधूवरांची नावं. वाचून झाल्यावर चष्मा काढून देसायांना म्हणाले, "यात लिहिलंय, आहेर स्वीकारला जाणार नाही. म्हणजे आणला तर दारातून परत पाठवणार, की आत ठेवून घेणार आणि स्वीकारला नाय म्हणणार?"

देसाई अजून त्या प्रश्नाचं उत्तर शोधतायत.

"पहिल्या पानावर सगळेच अदबीनं बोलतात, बाय," चाचा मला म्हणाले होते. "त्यांना काय पायजे ते मागच्या पानावर असतं."

परकारचाचा श्रीवर्धनकडचे. तरुणपणी कुवेतला गेले आणि तिथल्या बंदरावर एका शिपिंग कंपनीत मालाची कागदपत्रं तपासत त्यांनी सव्वीस वर्षं काढली. कुठल्या पेटीत काय, ती कुणाची, वाटेत भिजली तर जबाबदार कोण. त्या सव्वीस वर्षांत त्यांचं एका शब्दाशी कायमचं वाकडं झालं. तो शब्द म्हणजे 'वगैरे'. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी म्हणाले, "पाणी, लिफ्ट वगैरेसाठी वाढीव वर्गणी," तर चाचा हात वर करून उभे. "वगैरेत काय काय येतं?" पाऊण तास सभा त्या एका शब्दावर चालली आणि शेवटी वर्गणी रद्द झाली. कारण वगैरेत काय येतं हे सेक्रेटरींनाही माहीत नव्हतं.

त्यांच्याकडे स्वयंपाकाला करावे गावातल्या कमळाबाई येतात. चाचांनी त्यांच्याशीही करार केलेला. रीतसर कागद, दोघांच्या सह्या, एक प्रत फ्रिजवर चिकटवलेली. एकदा चाचा सकाळी बोंबील घेऊन आले आणि ओट्यावर ठेवले. कमळाबाईंनी फ्रिजकडे बोट दाखवलं.

"चाचा, कागदान भाकरी हाय, भाजी हाय, वरन-भात हाय. म्हावरा साफ करनं खय हाय?"

दुसरा कुणी चिडला असता. चाचा इतके खूश झाले की त्यांनी बोंबील स्वतः साफ केले आणि दुपारी कराराला पुरवणी जोडली. पुढे महिनाभर जो भेटेल त्याला सांगत होते, "आमची कमळाबाई वाचते, बरं का."

माझी आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. निदान मला तरी ते भांडण वाटलं.

मी आवाजाचं काम करते. जाहिराती, माहितीपट, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी बाई, हे सगळं. नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू केलं तेव्हा नेरूळच्या या घरातलं कपड्यांचं कपाट रिकामं केलं, आतून गोधड्या लावल्या आणि त्यात माईक ठेवला. कपाटाची मागची भिंत जिन्याला लागून आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. एका दुपारी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे, पांढरी दाढी नीट कापलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ.

"बाय, 'आता नव्या चवीत, अधिक कुरकुरीत' हे तू मघापासून किती वेळा बोललीस?"

मी माफी मागायला लागले. आवाज खाली येत असेल हे माहीत नव्हतं, पुढच्या वेळी दार लावून घेईन.

"आवाजाचं सोड. एकोणीस वेळा बोललीस. जिन्यात बसून मोजलं. कागदावर किती वेळा लिहिलंय?"

"कुठल्या कागदावर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एखादा माणूस अनवाणी हिमालयात निघालाय. मग आत येऊन बसले आणि माझा धंदा कसा चालतो ते विचारून घेतलं. धंदा व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचा. समोरचा म्हणायचा, छोटंसं काम आहे. मी अंगठा पाठवायची. मग तो म्हणायचा, जरा आनंदी हवं. मग, इतकं आनंदी नको. मग, पहिलंच बरं होतं, पण ते पुन्हा करा. काम रद्द झालं तर मला दुसऱ्या कुणाकडून कळायचं. मी कुणालाच नाही म्हणू शकत नव्हते. तोंडाशी 'नाही' आणायची आणि माझ्याच गोड आवाजात 'हो हो, चालेल' बाहेर पडायचं.

"तुझं 'हो' म्हणायचं खातं माझ्याकडे दे," चाचा म्हणाले. "कुणी काय मागितलं, तर तू एकच बोलायचं. ऑफिसला विचारून सांगते."

"पण चाचा, ऑफिस कुठाय?"

"खालच्या मजल्यावर."

तसं ऑफिस सुरू झालं. ऑफिस म्हणजे चाचांचं जेवणाचं टेबल, त्यावर फुलांचं मेणकापड, एक जुना लॅपटॉप आणि खारीचा डबा. चाचांनी माझ्यासाठी एक पानाचं करारपत्र तयार केलं. काम काय, किती मिनिटांचं, दुरुस्त्या किती वेळा, पसंत आहे की नाही हे सांगणारा माणूस कोण. या शेवटच्या मुद्द्यावर त्यांचा फार जोर. "अकरा जणांना आवडायला पायजे असेल तर कुणालाच आवडत नाय. एकाचं नाव लिही." त्यांनी ऑफिसच्या नावानं ईमेलचा पत्ता मागितला, मी काढून दिला, आणि त्या ईमेलच्या डब्यात मी कधी डोकावले नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. पत्रव्यवहार कुणी तरी दुसरं करतंय, एवढं मला पुरे होतं.

दोन-तीन महिन्यांत फरक दिसायला लागला. 'अगं' म्हणणारे लोक 'मॅडम' म्हणायला लागले. माझा घसा बसला तेव्हा मी नेहमीसारखी आलं चघळत कपाटात शिरणार होते, तर चाचांनी परस्पर सगळ्यांना कळवून टाकलं, की आमच्या कलाकाराचा आवाज देखभालीसाठी दहा दिवस बंद राहील. मला वाटलं लोक हसतील. चाचांनी सांगितलं, एकानेही हसून उत्तर दिलं नाही. दोघांनी तर 'कळविल्याबद्दल आभार' लिहिलं.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं असंही नाही. माझा सगळ्यात जुना ग्राहक, पहिलं काम देणारा, चाचांच्या पत्रांना कंटाळून निघून गेला. जाताना मला फोनवर म्हणाला, "तुझं ऑफिस फार डोक्यावर बसतं यार. आपल्यात कधी कागद होता का?" मी तडक खाली गेले आणि चाचांना नको ते बोलले. तुम्हाला माणसं कळत नाहीत, तुम्हाला फक्त पेट्या मोजता येतात, असं. चाचा ऐकून घेत राहिले. खारीचा डबा माझ्याकडे सरकवला. मी खारी न घेता वर आले. चार दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी तो विषय काढला नाही, फक्त म्हणाले, "त्याच्याशी दोस्ती ठेव. काम नको."

मग महाप्याचं काम आलं.

महाप्याच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीला लहान मुलांसाठी मराठी गोष्टींचं अ‍ॅप काढायचं होतं. वर्षभर रेकॉर्डिंग, तीनशेवर गोष्टी, सगळ्या एकाच आवाजात, आणि तो आवाज माझा. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला बिस्किटांऐवजी गोष्टी वाचायला देत होतं.

करारपत्र बावीस पानांचं होतं. मी ते चाचांना दिलं आणि मनात म्हटलं, उद्या सही करून टाकू. संध्याकाळी त्यांनी बोलावलं. पुढ्यात एकच पान काढून ठेवलेलं, एकोणिसावं.

"हे वाच."

मी नजर फिरवली. "चाचा, हे सगळीकडे असतं. ठरलेला मजकूर असतो."

"मनात नको. मोठ्यानं वाच. गोष्ट वाचतेस तसं."

इंग्रजी किचकट होतं. मी मराठी करत करत वाचायला लागले. सदर ध्वनिमुद्रणांचा वापर करून कलाकाराच्या आवाजाची संगणकीय प्रतिकृती तयार करण्याचा, आणि ती प्रतिकृती सध्या अस्तित्वात असलेल्या अथवा भविष्यात निर्माण होणाऱ्या कोणत्याही माध्यमात, कोणत्याही मजकुरासाठी, कायमस्वरूपी...

'कायमस्वरूपी'पाशी माझा आवाज थांबला. मी हजारो वाक्यं वाचली आहेत. साबणाची, बँकेची, सिमेंटची. माझ्याच आवाजात मला माझ्याबद्दल सांगितलेलं हे पहिलंच वाक्य होतं.

"म्हणजे मी एकदा तीनशे गोष्टी वाचल्या, की त्यांना पुढे माझी गरजच नाही," मी म्हणाले.

"तू नसलीस तरी तू बोलत राहशील. काय बोलशील ते कंपनी ठरवणार."

"पण मी आता नाही म्हटलं तर ते दुसरी कुणी शोधतील, चाचा. दहा जणी उभ्या आहेत."

"असतील." त्यांनी पान पुन्हा जागेवर लावलं. "सही तुझी हाय. मी कर म्हणणार नाय, नको म्हणणार नाय. पण न वाचता करू नको."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. न वाचता केली असती तर किती सुखात राहिले असते, असं वाटत होतं. दोन दिवस घोळ घातला. तिसऱ्या दिवशी मी खाली जाऊन म्हटलं, "ऑफिस माझ्याबरोबर येईल का?"

चाचांनी कपाटातून कोट काढला. कुवेतहून आणलेला, राखाडी, खांद्यावर जरा सैल. रिक्षात ते फाइल मांडीवर सरळ धरून बसले. कंपनीत आम्हाला काचेच्या खोलीत बसवलं. समोर रिद्धी नावाची तिशीतली मॅनेजर आणि त्यांच्या कायदा विभागाचा एक शांत माणूस. रिद्धीनं आमच्या दोघांच्या मागे दाराकडे पाहिलं.

"मेहरुन्निसा मॅडम नाही आल्या? मला त्यांना भेटायचं होतं. किती छान मेल लिहितात त्या."

मी म्हणणार होते, कोण मेहरुन्निसा? तेवढ्यात चाचा म्हणाले, "त्या ऑफिसमध्येच असतात."

आवाज अगदी नेहमीचा. फक्त फाइलची गाठ त्यांना लगेच सुटेना.

मग कामाचं बोलणं झालं. चाचा वाद घालत नव्हते, शाळेतल्या मुलासारखे एकेक प्रश्न विचारत होते. कायमस्वरूपी म्हणजे किती वर्षं? कोणताही मजकूर म्हणजे उद्या याच आवाजात कुणी पोरांना जुगाराची जाहिरात ऐकवली, तर चालेल का? कायदावाला म्हणाला, असं कुणी करणार नाही. "मग लिहू या," चाचा म्हणाले. "जे करणारच नाय ते लिहायला काय हरकत?" रिद्धी बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-मिटत होती. मग कायदावाल्याला म्हणाली, "माझी मुलगी हे अ‍ॅप ऐकणार आहे. तो आवाज कुठेही बोलायला लागलेला मला नको आहे."

दीड तासानं ठरलं. आवाज फक्त गोष्टींपुरता, ठरावीक वर्षांपुरता, प्रतिकृती करायची तर वेगळी लेखी परवानगी. त्या बदल्यात अ‍ॅपवर माझं नाव ठळक यावं ही मागणी आम्ही सोडली. मला ती सोडताना वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण आवाज माझ्याकडे राहिला.

बाहेर येऊन आम्ही गेटजवळच्या टपरीवर चहा घेतला. मी आनंदात होते, तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"चाचा, मेहरुन्निसा कोण?"

त्यांनी चहाचा घोट गिळला. "आमच्या घरातली."

चाचांच्या पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी इथे राहायला येण्याआधीची गोष्ट. त्यांचं नावही मला माहीत नव्हतं.

"तुझा पहिला मेल लिहिला, खाली नाव घालायची वेळ आली," ते सांगायला लागले. "माझं घालवेना. तुझ्या ऑफिसात म्हातारा बसलाय हे कशाला कळायला पायजे? बोटानं तिचंच नाव टाइप केलं. टायपिंग तिला येत होतं, मला नाय. लग्नाच्या आधी परीक्षा पास झालेली. मराठी टायपिंगची. रोह्याच्या एका कचेरीतून नोकरीचं पत्र आलं. लग्न नुकतंच झालेलं. अब्बा म्हणाले, सून कचेरीत जाणार नाय. मी तिथंच बसलेलो. काय बोललो नाय."

"मग?"

"मग मी कुवेतला गेलो. दोन वर्षांनी एकदा यायचो. ती घरात तांदूळ निवडायची, आणि निवडता निवडता सुपाच्या काठावर बोटं चालवायची. दहाही बोटं. मी बघायचो. तिनं मला कधी बोल लावला नाय." त्यांनी रिकामा ग्लास टपरीवाल्याच्या फळीवर ठेवला. "कागदावर खोटं लिहू नये, हे मी तुला शिकवतो. आणि दोन वर्षं मीच लिहितोय. माझं चुकलं, बाय."

मी चहाचे पैसे दिले. येताना रिक्षात फाइल मी मांडीवर धरली.

घरी आल्यावर मी तो ईमेलचा डबा पहिल्यांदा उघडला. दोन वर्षांची पत्रं होती. चाचांचं बोलणं खरखरीत, ही पत्रं मऊ. 'आपल्या आईंची तब्येत आता कशी आहे?' 'आपण घाईत आहात हे समजते, तरीही तिसरी दुरुस्ती करारात बसत नाही, याबद्दल दिलगीर आहे.' सुरुवातीच्या पत्रांखाली सही होती, मेहरुन्निसा परकार, सहायक. आठ-नऊ महिन्यांनी, मेहरुन्निसा परकार, प्रशासन अधिकारी. आणि गेल्या वर्षीच्या ईदनंतर सगळ्या पत्रांखाली, मेहरुन्निसा परकार, व्यवस्थापक.

चाचांनी त्यांना दोनदा बढती दिली होती.

दोन दिवसांनी चाचा स्वतः वर आले. हातात एक छापलेलं पत्र. सगळ्या ग्राहकांना पाठवायचं होतं. 'कळविण्यात येते की, आमच्या व्यवस्थापक श्रीमती मेहरुन्निसा परकार यांनी' आणि पुढे 'या कारणास्तव आपल्या पदाचा राजीनामा दिला आहे.' मधली जागा कोरी होती.

"कारण काय घालायचं ते कळत नाय," ते म्हणाले. "वैयक्तिक लिहिलं तर ते पण खोटं. तू बघ."

मी पत्र हातात घेतलं आणि विचारलं, "चाचा, राजीनामा मंजूर कोण करतं?"

"मालक."

"मालक कोण आहे?"

"तू."

"मग मी नामंजूर केला."

"बाय, मेलेल्या माणसाच्या नावानं धंद्याची पत्रं जाऊ नयेत," चाचा थोडे चिडूनच म्हणाले. "उद्या कुणी विचारलं तर तुझ्यावर येईल. मला ते चालणार नाय."

त्यांचं बरोबर होतं, आणि ते मलाही कळत होतं. त्यातून वाट निघाली ती योगायोगानं. महाप्याच्या कामासाठी बँकेत माझं व्यवसायाचं खातं उघडायचं होतं, आणि त्यासाठी आधी नोंदणी करणं भाग होतं. फॉर्म माझ्या लॅपटॉपवर चार दिवस तसाच पडला होता. पहिल्याच रकान्याशी मी अडले होते. व्यवसायाचं नाव. स्वतःचं नाव देऊन टाकावं असं वाटत होतं, पण मन घेत नव्हतं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "व्यवसायाचं नाव मेहरुन्निसा ठेवू या. म्हणजे पत्रं त्या नावानंच जातील आणि त्यात खोटं काही नसेल. खाली पदबिद काही नको, नुसतं नाव. तुमची हरकत असेल तर सांगा."

चाचा उभेच होते. त्यांनी चष्मा लावला, रकाना पाहिला, चष्मा काढला. मला वाटलं, आता नाही म्हणतील, किंवा हे कोणत्या नियमात बसतं ते विचारतील. ते वळले आणि जिना उतरून खाली गेले. मी दार उघडं ठेवून बसून राहिले. मी बोलले ते बरोबर की चूक, हे ठरवता येईना.

दहा मिनिटांनी ते परत आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पिवळा पडलेला कागद होता, घड्यांवर फाटलेला, मागून पट्ट्या लावून जोडलेला. त्यांच्या पत्नीचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला, तळहातानं सरळ केला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"यात बघून लिही. मी मेलमध्ये घाईत लिहायचो, ते बरोबर नाय. 'मे'ला मात्रा हाय, 'हे'ला पण मात्रा हाय. लोक एकच देतात."

मी एकेक अक्षर बघून टाइप केलं. मेहेरुन्निसा. चाचा माझ्या खांद्यामागे उभे राहून ते दाखल्याशी ताडून पाहत होते.

"आता बरोबर हाय," ते म्हणाले.